सात दिवस कमलचे, एक डांबराचा

प्लान कमलनं, माह्या बायकोनं, केला होता, सात दिवसांचा. त्यात आठवा दिवस मी घुसवला, म्हणून आमचं भांडण झालं. ते मिटायच्या आधीच ती गेली. तरी मी मुलीच्या त्या बेटावर जाऊन आलो. आमच्या ज्येष्ठ मंडळातला जो भेटतो तो विचारतो, कसं आहे तिकडे, काय खाल्लं, काय पाहिलं. दर माणसाले वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, ऱ्हस्वदीर्घ कोणी पाहू नये.

आमची एकच मुलगी, रंजू. ती अन् जावई सारंग त्रिनिदादमध्ये राहतात. क्रिकेटवाले ज्याले वेस्ट इंडीज म्हणतात त्यातलं हे एक बेट, नकाशात दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर ठिपक्याएवढं. जावईबापू तिथं खताच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. कारखान्यांची वस्ती आपल्या बुटीबोरीसारखीच, फक्त मागच्या भिंतीपलीकडे समुद्र.

इतवारी, दर रविवारी

इकडे नागपुरात, इतवारीतल्या आमच्या घरी, संध्याकाळचे साडेसहा वाजले की तिकडे सकाळचे नऊ. कमल देवापुढं दिवा लावायची, मोबाइल पोह्याच्या डब्याले टेकवून ठेवायची अन् समोर मांडी घालून बसायची. रंजू तिकडे चहा पिऊन राहिली असायची. मग कमलचे प्रश्न सुरू.

"तिथं सांबार भेटते का वं?"

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगून ठेवतो.

"भेटते. पान लांब असते, वास तोच."

"लांब पानाचा सांबार कसा राहीन? मच्छर आहे का? तुह्या शेजारची बाई कशी आहे, बोलते का?"

कमलनं ठरवलं होतं की मे महिन्यात जायचं, थंड हवेले. चारी बाजूंनी पाणी म्हणजे कूलरच झाला, असा तिचा हिशेब. रंजू हसून हसून सांगायची की आई, इथं घाम निथळते. कमलले ते पटलं नाही. चाळीस वर्षं नागपूरच्या उन्हाळ्यात काढलेल्या बाईले घाम काय सांगून राहिली, म्हणे.

प्लान ती सांगायची, वहीत मी लिहायचो. पहिला दिवस समुद्र. छत्रीखालच्या खुर्चीत बसायचं अन् चहा दुसऱ्यानं आणून द्यायचा. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे जेवण. तिसऱ्या दिवशी समुद्रात बांधलेलं देऊळ. चौथा दिवस बाजार. पाचव्या दिवशी रंजू सांगते ते लाल पक्षी. सहाव्या दिवशी कपडे धुणं. मी म्हटलं, इतक्या दूर जाऊन धुणं? ती म्हणाली, मग काय मळके घेऊन येणार? सातव्या दिवशी रंजूच्या डोक्याले तेल लावून न्हाऊ घालायचं. "पोट्टीचे केस झाडूसारखे झाले, फोनवर दिसतात मले."

मी बत्तीस वर्षं सडकेवर डांबर टाकलं. आधी गिट्टी पसरवत होतो, मग भट्टीवर आलो, शेवटी मुकादम झालो. एका रविवारी रंजूनं सहज सांगितलं की आमच्या दक्षिणेकडे डांबराचं तळं आहे, जमिनीतून आपोआप वर येते. मी हातातला चहा खाली ठेवला. साऱ्या जिंदगीत डांबर मी ड्रममधूनच निघताना पाहिलं. त्याच्या पहिले ते कुठं असते, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, आठवा दिवस, डांबर.

"साऱ्या जिंदगीभर तुमच्या अंगाच्या वासात झोपली," कमल म्हणाली. "आता सात समुद्र ओलांडून तेच पाहाले जायचं? कोणाले सांगू नका, लोक हसतीन."

"तू नको येजो. तू खुर्चीत बसजो."

"बसतेच."

तिनं ती ओळ खोडली. मी पुन्हा लिहिली. असं तीनदा झालं, वहीचं पान फाटलं.

दिवाळीनंतर तिले ताप आला. तिसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यातच वारली.

रंजूचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. ती रडून राहिली होती. म्हणे, "बाबा, मी निघते, तिकीट पाहून राहिली." माह्या तोंडातून निघालं, "आता येऊन काय करशीन? जिच्यासाठी यायचं ती तर गेली."

 मग फोन बंद झाला.

रंजू आली नाही. तेराव्या दिवशी तेरवी झाली, तिले पण नाही. भाऊबंद विचारत होते, "काय गा, पोरगी काहून नाही आली?" मी सांगितलं, सुट्टी भेटली नाही. तेव्हापासून रविवारचा फोन दोन मिनिटांचा झाला. जेवले का. गोळी घेतली का. ठेवते. मी बोललेलं मागं घेता येते का, अन् कसं, हे मले कळत नव्हतं. फोनवर तर नाहीच. तिकिटं आधीच काढली होती. कमलचं रद्द केलं, माझं राहू दिलं. फिराले नाही, ते मागं घ्याचं एक वाक्य बोलाले चाललो होतो.

पहिला अन् दुसरा दिवस

विमानाचं सांगत नाही. पाय सुजले, बाकी बसूनच जायचं असते.

समुद्र पाहिला. मोठा आहे, खारा आहे, हिरवट आहे. काठावर नारळाची झाडं अन् लाकडी खुर्च्या. रंजूनं छत्रीखाली दोन खुर्च्या लावल्या, एकीवर मले बसवलं, दुसरीवर कोणी बसलं नाही. तिची पिशवीही तिनं वाळूत ठेवली. चहा तिकडे कोणी आणून देत नाही, नारळपाणी देतात. मी वाक्य जुळवत होतो. जुळेपर्यंत जावईबापू मासा भरलेली तळलेली रोटी घेऊन आले, अन् खाताना असं बोलत नाहीत.

तिथली घरं खांबांवर उभी. खाली मोकळी जागा, तिथं झोळीसारखा झोपाळा, दुपारी माणसं त्यात लोळतात. आपल्याकडे गच्चीवर जे होते ते तिकडे घराखाली. हिंदूंच्या आवारात बांबूले लाल, पिवळे, पांढरे झेंडे. रंजूच्या आवारातही एक बांबू होता, त्याच्या टोकाले उन्हानं विटलेलं पिवळं फडकं. मी अंघोळ करून माझा दुपट्टा त्याच बांबूले बांधून वाळत घातला. रंजूनं ते पाहिलं.

शेजारीण सत्तरीची, दुलारी नावाची. सारी गल्ली तिले आजी म्हणते. मले वाटलं रंजूनं शिकवलं असन, पण नाही, त्यांचाच शब्द आहे. तिचे पणजे बिहारकडून जहाजानं ऊस तोडाले आले होते. भाषा रस्त्यात सांडली, स्वयंपाकघर तेवढं राहिलं. तवा, बेलना, रोटी, बैंगन हे शब्द ती आपल्यासारखेच बोलते, अन् मधल्या जागेत त्यांची इंग्रजी, ती पळत सुटलेली. माझी हिंदी ती मान हलवून ऐकायची. अर्धी कळत असन.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जेवण. वांगं चुलीवर भाजून केलेला चोखा होता, म्हणजे आपलं भरीतच, फक्त वरून लसणाचं कडक तेल ओतलेलं. आपण कांद्याची पात घालतो ते नाही. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांचे डाळीचं पीठ लावून तळलेले वडेही होते. बाटलीत पिवळी चटणी. आजीनं बोटानं नाही नाही केलं. मी म्हटलं, आम्ही सावजी मटण खाणारे लोक, आम्हाले काय सांगता, अन् चमचाभर घेतली. पुढची दहा मिनिटं मी बोललो नाही. कानातून गरम वाफ निघून राहिली होती. आजीनं दूध दिलं, जावईबापूंनी केळं दिलं, हिचकी काही थांबेना.

थांबली तेव्हा आजीनं कमलचं विचारलं. छातीवर हात ठेवून म्हणाली, "रंजू मदर. भंडारा." अन् बोटानं रंजूच्या आवाराकडे दाखवलं.

मले इतकं बरं वाटलं. म्हटलं, "हो हो, भंडाऱ्याचीच ती. भंडारा जिल्हा, साकोलीकडचं गाव तिचं माहेर. तळी बहुत आहेत. तिकडचा तांदूळ खावा, राइस, राइस."

"यस, राइस," आजी म्हणाली. "प्लेंटी राइस. गुड भंडारा."

सात समुद्रापलीकडच्या बाईले कमलचं माहेर माहीत आहे, म्हणजे रंजू आईबद्दल बोलत असन, असा विचार मी करून राहिलो होतो. रंजू मोरीपाशी भांडी घासत होती, तिनं वळून पाहिलं नाही. जावईबापूंले खोकला आला.

चौथा दिवस, बाजार

तिसऱ्या दिवशी देऊळ पाहिलं. पाण्यात दगड-मातीचा बांध घालून त्याच्या टोकावर बांधलेलं. एका माणसानं वर्षानुवर्षं सायकलवर सामान वाहून बांधलं म्हणे. बांध मी नीट पाहिला, भराव चांगला दाबला आहे.

चौथ्या दिवशी मी जावईबापूंले म्हटलं, बाजारातून दोन जुड्या सांबार आणजा. ते पुण्याचे. इतकी वर्षं झाली लग्नाले, तरी त्यांनी चार दुकानं फिरून सांबार मसाल्याचं पाकीट आणलं, घामाघूम होऊन.

"हे काय?"

"सांबार, बाबा. दोन जुड्या नव्हत्या, एकच पाकीट होतं."

रंजू हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता म्हणाली, "आई असती तर तुमचं नाव सांबारबापू ठेवलं असतं." मग एकदम आत गेली.

आजीनं आमचा गोंधळ ऐकला अन् काय पाहिजे ते जावईबापूंले विचारून घेतलं. तिनं मले तिच्या घराखाली बोलावलं अन् कुंडीतली लांब पानं तोडून दिली. बनधनिया म्हणतात त्याले. वास सांबाराचाच, कमलचं म्हणणं चुकलं होतं. मग आजीनं मोबाइल काढला, चष्मा लावला अन् मले एक फोटो दाखवला. लहान पोराले शिकवतात तसं हळू म्हणाली, "भंडारा."

फोटोत रंजूचं आवार होतं. खाली मोठमोठी हिरवी पानं मांडलेली, तीसेक माणसं पंगतीत बसलेली. गोरी, काळी, आपल्यासारखी, सारी. एका स्टुलावर कमलचा फोटो, आमच्या लग्नाले पंचवीस वर्षं झाली त्या दिवसाचा, त्याले लाल जास्वंदाचा हार. रंजू केस बांधून, वाकून पानावर भात वाढून राहिली होती. मागं बांबू, त्याले कोरा करकरीत पिवळा झेंडा.

तेराव्या दिवसाच्या जेवणाले ते लोक भंडारा म्हणतात.

मी आजीकडून फोटो मोठा करून घेतला. कमलकडे नाही, रंजूच्या तोंडाकडे पाहिलं. मग रंजूच्या आवारात गेलो अन् बांबूचा दुपट्टा सोडून घेतला. चार दिवस मी कमलच्या झेंड्याच्या बांबूले माझे ओले कपडे बांधून राहिलो होतो, अन् पोरीनं एका शब्दानं म्हटलं नाही.

नागपुरात मी तेरवी केली तेव्हा मले वाटत होतं, पोरीनं आईचं काहीच केलं नाही. लोकांपुढं खोटं बोललो ते तिच्यासाठी, असंही वाटत होतं. त्या दिवशी संध्याकाळी माह्याच्यानं जेवण गेलं नाही. पोट बिघडलं सांगितलं.

पाचवा, सहावा, सातवा

लाल पक्षी खरंच लाल आहेत. होडीत बसून दलदलीत जायचं. सूर्य खाली गेला की थवेच्या थवे येऊन एका बेटावरच्या झाडांवर बसतात अन् हिरवं झाड पाहता पाहता लाल होते. पळस फुलल्यावर उमरेड रोडले दिसते तसं. होडीत पन्नास लोक होते, बोलाले जागा नव्हती.

सहाव्या दिवशी मी कपडे धुतले. मशीन होती, तरी हातानं धुतले. वाळत घालाले खाली दोरी बांधली.

सातव्या दिवशी सकाळी रंजू न्हाऊन आली अन् खिडकीपाशी केस पुसत उभी राहिली. खोबऱ्याच्या तेलाची बाटली टेबलावर होती. तिलेही माहीत होतं सातव्या दिवशी काय लिहिलं आहे, प्लान फोनवर तिच्यासमोरच झाला होता. मी बाटली उचलली, झाकण काढलं, पुन्हा लावलं. ते काम बापाच्या हाताचं नव्हतं. रंजू म्हणाली, "राहू द्या बाबा. मी लावीन." अन् तिनं लावलं नाही.

आठवा दिवस, डांबर

जावईबापूंची ड्यूटी होती. रंजूनं गाडी काढली. मी म्हटलं, राहू दे, एवढं काही नाही त्यात. ती म्हणाली, "आई खोडायची अन् तुम्ही लिहायचे. आता खोडणारं कोणी नाही तर चला."

तळं म्हटलं की पाणी वाटते. हे तसं नाही. शंभर एकराचं काळं मैदान, हत्तीच्या कातडीसारखं सुरकुतलेलं, मधी मधी पावसाच्या पाण्याची डबकी, त्यात बोटाएवढे मासे. अंड्याचा कुजका वास. रबरी बूट घातलेला एक जाडा काळा माणूस वाट दाखवाले. तो काठीनं जमीन दाबून पाहायचा, मग पाय टाकाले सांगायचा. त्यानं एका मऊ जागी काठी खुपसून वर काढली, तर डांबराची तार निघाली, हातभर लांब, तुटली नाही.

मी खाली बसलो. चिमटीत थोडं घेतलं, मळलं, ओढून पाहिलं, वास घेतला. भट्टीवर आम्ही असंच पाहायचो, तार किती निघते ते. पाणी आहे त्यात, उकळावं लागन, पण माल अव्वल. वाटाड्यानं रंजूले विचारलं, हे काय काम करायचे. तिनं सांगितलं, रस्ते. त्यानं हात पुसला अन् माह्याशी मिळवला. म्हणाला, आम्ही इथं खड्डा खणतो, काही दिवसांत आपोआप भरून येतो. खड्डा कुठं होता तेही सांगता येत नाही.

मी बत्तीस वर्षं नागपूरचे खड्डे बुजवले. एकाही पावसाळ्यात एकही खड्डा आपोआप भरला नाही. मी रंजूले म्हटलं, हे आमच्या इंजिनिअरले दाखवाले पाहिजे होतं. ती हसली. वाटाड्या पुढं गेला अन् मागं वळून सांगून गेला की एका जागी उभे राहू नका, पाय रुततात.

मग आम्ही दोघं हळूहळू चालत राहिलो. मी पायाकडे पाहून म्हटलं, "रंजू, त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते."

"कोणतं?"

"तुले माहीत आहे कोणतं. चुकलो मी. तू येत होती, मी अडवलं."

तिनं एका डबक्याले वळसा घातला. मग म्हणाली, "तुम्ही नाही अडवलं बाबा."

"मग काहून नाही आली?"

"मले यायचंच नव्हतं. मी तिकीट पाहून राहिली होती अन् मनात म्हणत होती, भेटू नये. दार उघडलं अन् आत आई नाही, हे मले पाहायचं नव्हतं. तुम्ही तसं बोलले अन् मले बहाणा भेटला." ती थांबली होती, मी तिचं कोपर धरून पुढं नेलं. "सहा महिने मी तुमच्यावर राग धरून बसली. तो सोडला असता तर माझं चुकलेलं मले दिसलं असतं."

"अन् भंडारा लपवला काहून?"

"तुम्ही म्हटलं असतं, तिथं करून काय होते."

मी विचार केला. "म्हटलं असतं," मी म्हटलं.

तिनं माह्याकडे पाहिलं. डोळे भरले होते अन् ती हसूनही राहिली होती. वाटाड्याले वाटलं आम्ही भांडून राहिलो, तो लांबूनच विचारत होता, ऑल राइट? रंजूनं हात वर केला. तिच्या चपलेले अन् टाचेले डांबर लागलं होतं. घरी आल्यावर मी तिले पायरीवर बसवलं अन् खोबऱ्याचं तेल लावून टाच चोळून दिली. डांबर पाण्यानं जात नाही, तेलानंच जाते, तेही रगडावं लागते. ती म्हणाली, दुखते. मी म्हटलं, दुखू दे.

इतवारी

रंजू श्रावणात आली, बारा दिवसांसाठी. मी विमानतळावर घ्याले गेलो. ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला, पुढं चालतच यावं लागते. दाराशी आल्यावर मी किल्ली तिच्या हाती दिली अन् ओट्यावर बसलो.

"तुम्ही येत नाही?"

"तू जा आधी."

ती जरा वेळ कुलुपापाशी उभी राहिली. मग दार उघडल्याचा आवाज आला. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो. समोरचा वामनराव भांड्याच्या दुकानातून पाहून राहिला होता.

"काय गा, बाहेर काहून बसला?"

"पोरगी आली."

"मग?"

"मग बसलो."

आत बराच वेळ काहीच वाजलं नाही. नंतर एकदा नाक शिंकरल्याचं ऐकू आलं, नंतर नळ सुरू झाला. मी उठलो नाही. वामनराव एका गिऱ्हाइकाले पातेलं दाखवून मोकळा झाला, दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही गेलं.

मग आतून आवाज आला. "बाबा, साखर कुठं ठेवता?"

"तुही आई ठेवत होती तिथंच."

डबा उघडल्याचं ऐकू आलं. मी चपला काढल्या अन् आत गेलो.